सनद मिळाली, पुढची तीन वर्षं कशी काढायची? सोलापुरातल्या एका नव्या वकील मुलीचं प्रकरण

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची काही मुलं शनिवारी दुपारी ऑफिसात येऊन बसतात, त्यांच्याशी पुढं काय करायचं यावर बोलणं होतं. त्यातल्याच एका मुलीचं हे प्रकरण. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिचं नाव आणि ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, चुकलेलं पण लिहा." त्यात माझंही चुकलेलं आहे, तेही लिहिते.

पार्श्वभूमी

तिचं घर कुंभारीकडच्या विडी घरकुलात. आई विड्या वळते. वडील यंत्रमागावर होते, दम्यामुळे आता घरीच असतात. धाकटा भाऊ आयटीआयला. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, पूर्व भागात वाढल्यामुळं कन्नडही कानावरून गेलेली. बी.कॉम. झाल्यावर तिनं सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. जुलै २०२४ मध्ये निकाल लागला. शेवटच्या वर्षी ५३ टक्के. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला होता, तो पुढच्या खेपेला सुटला. वय २३.

घरात ती पहिली पदवीधर, आणि सगळ्या आळीला माहीत होतं की ही "जज्ज" होणार.

अडचण

ऑगस्टमध्ये ती आली ती पुण्यातल्या एका क्लासचं माहितीपत्रक घेऊन. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे मुलं ज्याला नुसतं जेएमएफसी म्हणतात, त्या परीक्षेची वर्षभराची तयारी. क्लासची फी, खोलीभाडं, मेस धरून दीड लाखाच्या आसपास खर्च जात होता. आईनं बचत गटातून कर्ज काढायची तयारी केली होती. माझ्याकडून तिला एवढंच हवं होतं: क्लास चांगला आहे का?

मी तिला गुणपत्रिका मागितल्या. क्लासबद्दल मला शंका नव्हती. पण या परीक्षेला कोण बसू शकतं हे मुलं माहितीपत्रकात वाचतात, नियमात वाचत नाहीत. महाराष्ट्रात तेव्हा नुकत्याच पदवी घेतलेल्यांना वकिलीच्या अनुभवाशिवाय बसता यायचं, पण त्याला अटी होत्या: पदवीच्या सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात सुटलेल्या हव्यात, शेवटच्या वर्षी किमान ५५ टक्के हवेत. तिचा एक विषय राहिला होता आणि टक्के ५३. दोन्ही अटींवर ती बाहेर. तिच्यासाठी एकच वाट उरत होती, तीन वर्षांची प्रत्यक्ष वकिली करून वकील म्हणून अर्ज करायचा.

ती बराच वेळ गुणपत्रिकेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पुण्याला जाऊन वर्षानं हे कळलं असतं?" हो. कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर कळलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. आईला समजावून सांगायचं होतं. आई दारातच बसली होती, मांडीवर सूप, हातात कात्री, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मी बोलत होते तोवर तिचे हात थांबले नाहीत. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं:

"मॅडम, अजून तीन वर्षं पगार नाही म्हणता. मग मी हे सूप खाली ठेवायचं कधी?"

या प्रकरणातला खरा प्रश्न हाच. कायद्याच्या मुलांना आपण "कोणतं क्षेत्र निवडशील" असं विचारत राहतो. फौजदारी, दिवाणी, कॉर्पोरेट, न्यायसेवा. पण ज्या घरात मागं काही नाही, तिथं क्षेत्र नंतर येतं. आधी पहिली तीन वर्षं निघाली पाहिजेत.

समोरचे पर्याय

आम्ही कागदावर पाच वाटा लिहिल्या.

पहिली, सोलापुरातच कोणा ज्येष्ठ वकिलांकडं ज्युनियर म्हणून राहणं. काम शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि तीन वर्षांचा अनुभव इथंच मिळणार. पैसा मात्र बेभरवशाचा. कुठं पेट्रोलपुरते देतात, कुठं काहीच नाही.

दुसरी, पुण्यातल्या एखाद्या कंपनीत करार तपासायची नोकरी. पगार महिन्याच्या महिन्याला, पण काम सगळं इंग्रजीत.

तिसरी, बँकेतलं विधी अधिकाऱ्याचं पद. आयबीपीएसच्या परीक्षेतून भरतात. कायद्याची पदवी, वकील म्हणून नोंदणी आणि वय २० ते ३० एवढं असलं की अर्ज करता येतो. नोकरी पक्की. पण नोकरीत शिरलं की वकिली थांबते, म्हणजे न्यायसेवेची वाटही तिथंच थांबते.

चौथी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं लोकअभिरक्षक कार्यालय. गरीब आरोपींचे खटले चालवायला पूर्णवेळ मानधनावर वकील नेमतात, आणि सहायक पदासाठी तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेले नवे वकील चालतात. मला स्वतःला ही वाट फार मोलाची वाटते. फौजदारी काम एवढं दुसरीकडं हातात येत नाही. पण जागा निघाली तरच.

पाचवी वाट तेव्हा कागदावर रिकामीच ठेवली. नुसतं "कारखाना?" असं लिहिलं. अक्कलकोट रोडला आणि चिंचोळीला टॉवेलचे एवढे कारखाने, सुताचे व्यापारी, सगळा धंदा उधारीवर आणि पुढच्या तारखेच्या चेकवर चालतो. तिथं वकिलाला काम असणार हे उघड आहे. ते कसं मिळवायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं.

पहिला निर्णय: सनद आणि पहिले सर

सप्टेंबर २०२४ मध्ये तिनं सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली. वेळ तिच्या बाजूची होती. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ च्या निकालात राज्य बार कौन्सिलना बजावलं होतं की नोंदणीसाठी कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. खुल्या आणि इतर प्रवर्गासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याआधी हा खर्च हजारांत जायचा. विडी वळणाऱ्या घरात या फरकाचा अर्थ काय होतो ते मी पाहिलं आहे. डिसेंबरात तिनं अखिल भारतीय बार परीक्षा दिली. नुसते कायदे, त्यांवर टिपा नाहीत, अशी पुस्तकं तिथं सोबत नेता येतात. तिनं भारतीय न्याय संहितेची प्रत खुणा न करता जपून ठेवली होती. पहिल्याच खेपेला सुटली.

ज्युनियरशिपसाठी एका ज्येष्ठ वकिलांचं नाव मीच सुचवलं. मोठं काम, मोठं ऑफिस. पैशाचं मी विचारलं नाही. ती तर विचारणारच नव्हती.

पाच-सहा महिने ती तिथं होती. तारखा घेणं, नक्कल विभागात अर्ज टाकणं, टायपिस्टकडं कागद पोचवणं. हे शिकावंच लागतं, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यापुढं काही सरकेना. पैसे नव्हतेच. रिक्षाचं भाडंही घरून.

एक गोष्ट मात्र घडली. जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, एक सूत व्यापारी ऑफिसात आला. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो त्याला १७ डिसेंबरला मिळाला होता. "यात्रा झाल्यावर बघू" असं ऑफिसात ठरलं. हिनं कॅलेंडर पुढं ओढलं आणि दिवस मोजले. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. म्हणजे १६ जानेवारी. यात्रा संपेपर्यंत थांबलो असतो तर त्या मेमोवर खटलाच उभा राहिला नसता. तिनं रात्री बसून नोटीस लिहिली आणि दुसऱ्या दिवशी आरपीएडीनं, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर टपालानं, पाठवली. व्यापाऱ्याचे साडेचार लाख अडकले होते.

नोटीस मिळूनही १५ दिवसांत पैसे आले नाहीत, त्यामुळं फेब्रुवारीअखेरीस फिर्याद दाखल झाली. वकालतनाम्यावर, म्हणजे पक्षकारानं वकील नेमल्याच्या कागदावर, हिचं नाव नव्हतं.

दुसरा निर्णय: नाव मागायचं की गप्प बसायचं

आमच्याकडं ज्युनियरनं सरांना असं काही विचारणं सोपं नसतं. बार रूममध्ये संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. ती माझ्याकडं येऊन दोन दिवस विचार करत राहिली, तिसऱ्या दिवशी सरांना म्हणाली, "सर, यापुढं वकालतनाम्यावर माझं नाव खाली टाकलं तर चालेल का?" उत्तर आलं, "नावाचं काय घेऊन बसलीस? काम शीक आधी."

मार्चमध्ये तिनं ते ऑफिस सोडलं. भांडण न करता, फाइली नीट सोपवून, पाया पडून. ही पद्धत तिची स्वतःची. मला ती तेव्हा जरा जास्तच नमती वाटली होती. आज वाटतं, तिचं बरोबर होतं, कारण पुढं त्याच बारमध्ये तिला उभं राहायचं होतं.

वकालतनाम्यावरचं नाव ही मानापमानाची गोष्ट नाही. वकिलीचा अनुभव सिद्ध करायचा तर कागद लागतो. हजेरी रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, दिसते आणि नाव वकालतनाम्यावर. काम केलं, पण कुठंच नाव नाही, तर तीन वर्षांनी दाखवायचं काय?

एप्रिलमध्ये ती सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला एका मुलाखतीला गेली. तिथं इंग्रजीतला लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार पुढं ठेवला आणि चाळीस मिनिटांत धोक्याची कलमं शोधायला सांगितलं. अकरा पानं. तिची सहाच झाली. त्या सहा पानांत तिनं एक नेमकी गोष्ट पकडली होती. करारात नोंदणीची जबाबदारी भाडेकरूवर टाकली होती आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती घरमालकाची असते. मुलाखत घेणाऱ्यांनी सरळ सांगितलं, कायदा येतो, इंग्रजी वाचनाचा वेग वाढवा, वर्षभरानं या. ती परतीच्या गाडीत रडली. मला तो निरोप आशेचा वाटला, तसं मी तिला सांगितलंही, पण त्या दिवशी तिला ते ऐकू गेलं नसावं.

तिसरा निर्णय: अठरा हजार

मे महिन्यात सगळ्यात अवघड वळण आलं. तोच सूत व्यापारी एका टॉवेल कारखान्याच्या मालकांना म्हणाला की एक पोरगी आहे, दिवस मोजते. मालकांनी बोलावलं. कामगारांची कागदपत्रं, व्यापाऱ्यांकडची वसुली, कोर्टाच्या तारखा असं सगळं बघायचं. दहा ते सहा, महिना अठरा हजार. आईनं त्या दिवशी शेजारी पेढे दिले.

ती मला फोनवर म्हणाली, "सनद पण ठेवते आणि नोकरी पण करते. कोण बघतंय?"

मी तिला लगेच बोलावून घेतलं. बार कौन्सिलच्या नियमांतला ४९ वा नियम स्पष्ट आहे: वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. लपवलं तर उद्या न्यायाधीशपदाच्या अर्जात, चारित्र्य पडताळणीत, तेच वर येणार. ज्या खुर्चीवर बसून लोकांना शपथेवर खरं बोलायला सांगायचं, तिथं खोट्या कागदावर जायचं नाही. हे मी तिला जरा आवाज चढवूनच सांगितलं.

आणि त्याच महिन्यात, २० मे २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली आता देशभर सगळ्यांना बंधनकारक. ज्या भरती आधीच सुरू झाल्या होत्या त्यांना हे लागू नाही. तीन वर्षं मोजायची ती तात्पुरत्या, म्हणजे बार परीक्षेआधीच्या, नोंदणीच्या तारखेपासून. प्रमाणपत्र द्यायचं ते न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यानं, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलानं; वकिलानं दिलं तर त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता हवी. तिच्या वर्गातली पुण्याला गेलेली दोन मुलं जूनमध्ये परत आली. जी अट तिला एकटीला अडवत होती ती आता सगळ्यांनाच होती, आणि तिचे आठ महिने आधीच जमा झाले होते.

नोकरी घेतली असती तर ते मोजणं तिथंच थांबलं असतं. अठरा हजार सोडायचे होते, आणि ते सोडायला सांगणारी मी होते, जिच्या घरी महिनाअखेर सुपावर अवलंबून नाही. हे मला तेव्हाही बोचत होतं.

वाट तिनंच काढली. रिकाम्या ठेवलेल्या पाचव्या ओळीकडं बोट दाखवून म्हणाली, "नोकरी नाही, काम घेतलं तर?" पगारी नोकर व्हायचं नाही. वकील म्हणून प्रत्येक नोटिशीचे, प्रत्येक प्रकरणाचे पैसे घ्यायचे. हजेरी नाही, दहा ते सहा नाही. याला नियमाची आडकाठी नाही.

काय केलं

जूनमध्ये ती दुसऱ्या एका वकिलांकडं गेली. दिवाणी आणि चेकची कामं जास्त, ऑफिस लहान. या वेळी मी आधी फोन केला नाही. तिनं स्वतः जाऊन बोलावं असं ठरलं, आणि बोलायच्या गोष्टी आम्ही लिहून काढल्या: महिन्याला किती, वकालतनाम्यावर नाव, वर्षात किमान तीन साक्षीदारांची सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीदाराला न्यायालयात प्रश्न विचारणं, तिच्या हातून. पैशाची गोष्ट काढताना तिनं बार कौन्सिल ऑफ इंडियाचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक सोबत नेलं. नव्या ज्युनियरना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं, अशी त्यात शिफारस आहे. सक्ती नाही. सरांनी ते पूर्ण वाचलं. म्हणाले, "एवढं माझ्यानं व्हायचं नाही बाळ, सहा देतो. बाकी दोन्ही कबूल." कागदाचा उपयोग एवढाच झाला की बोलणं शून्यापासून सुरू झालं नाही.

कारखान्याचं काम सरांच्या देखरेखीखाली, पण तिच्या नावानं. मालकांची लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी होती, म्हणून चेकच्या नोटिसांबरोबर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्याचा रस्ताही तिनं अभ्यासला. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, आणि त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडं दाद. हे नुसतं नोटिशीत नीट लिहिल्यावर तीन व्यापाऱ्यांनी कोर्टात न जाता हिशेब मिटवला.

आणि एक गोष्ट, जी आम्हा दोघींच्याही आधी लक्षात आली नव्हती. तिच्या बायोडेटात भाषा लिहिल्या होत्या मराठी, हिंदी, इंग्रजी. तेलुगू नव्हती. विचारलं तर म्हणाली, "ती घरची भाषा की मॅडम." नव्या ऑफिसात पूर्व भागातल्या एक मावशी पोटगीच्या कामासाठी आल्या. मराठीत दोन वाक्यं बोलून गप्प झाल्या. हिनं तेलुगूत विचारलं, "अम्मा, एमैंदी?" (काय झालं?) आणि त्या पाऊण तास बोलल्या. मारहाणीची तारीख, दवाखान्याचा कागद, दिराचं नाव, सगळं आलं. त्यानंतर त्या आळीतून आणखी चार बायका आल्या.

निष्पत्ती

डिसेंबर २०२५ अखेरची स्थिती अशी. ऑफिसचे सहा हजार आणि स्वतःच्या कामाचे, महिना बरा असला तर पाचएक हजार. एखाद्या महिन्यात दोनच. कारखान्याच्या पगारापेक्षा हे कमी आहे आणि ते कमीच आहे. आईचं सूप खाली गेलेलं नाही. रोज हजार विड्यांऐवजी ती आता सहा-सातशेवर थांबते.

दोन साक्षीदारांची सरतपासणी तिनं घेतली, तिसरी फेब्रुवारीत आहे. प्रत्येक हजेरी एका लांब वहीत लिहिते: तारीख, न्यायालय, प्रकरणाचा क्रमांक, त्या दिवशी काय झालं, शेवटच्या रकान्यात सरांची सही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, त्यात सोलापूर जिल्हाही आहे. एका अपिलाच्या कामासाठी ती सरांसोबत तिथं जाऊन आली. मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागली असती तर सरांनी तिला नेलं नसतं. तिथलं सगळं कामकाज इंग्रजीत, म्हणून पुण्याच्या मुलाखतीतली उरलेली पाच पानं तिनं पुन्हा काढली आहेत. रोज रात्री एक निकाल मोठ्यानं वाचते. लोकअभिरक्षक कार्यालयाची जाहिरात निघाली तर अर्ज करायचा, हेही ठरलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक माझी. मोठं ऑफिस म्हणजे चांगलं शिक्षण, असं धरून मी तिला पाठवलं आणि पैसे व नाव या दोन्ही गोष्टी आधी विचारल्या नाहीत. त्या सहा महिन्यांचा अनुभव कागदावर दाखवणं आता अवघड आहे. रोजनाम्यात तिची हजेरी काही ठिकाणी आहे, तेवढीच. ते सरही वाईट नाहीत. त्यांच्या सरांनी त्यांना जसं वागवलं तसं त्यांनी हिला वागवलं. पण मी विचारायला हवं होतं.

दुसरं, पात्रतेचे नियम तिनं एलएल.बी.च्या पहिल्या वर्षी वाचले असते तर दुसऱ्या वर्षीचा राहिलेला विषय आणि शेवटच्या वर्षाचे दोन टक्के तिच्यासाठी तेव्हाच मोठे झाले असते. आता त्या अटी तशा उरल्या नाहीत, पण प्रत्येक भरतीच्या अटी बदलत असतात आणि मूळ जाहिरात वाचायला अर्धा तासच लागतो.

तिसरं, कारखान्याचा प्रस्ताव. ती आजही म्हणते की वर्षभर नोकरी करून, थोडे पैसे साठवून, मग सनद पुन्हा सुरू केली असती तरी चाललं असतं. तिचं म्हणणं चुकीचं नाही. वय हातात आहे, न्यायसेवा वर्षभर लांबली असती एवढंच. वडिलांचं औषध त्या वर्षात नियमित झालं असतं. मी तो पर्याय तिच्यापुढं नीट मांडलाच नाही. नियम ४९ सांगताना मी "लपवू नकोस" आणि "घेऊ नकोस" या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून टाकल्या. पहिली सांगणं माझं काम होतं. दुसरी ठरवणं तिचं आणि तिच्या आईचं होतं.

आता नवी मुलं शनिवारी आली की गुणपत्रिकेबरोबर मी घरचा महिन्याचा खर्चही लिहून आणायला सांगते. काहींना ते आवडत नाही. गेल्या शनिवारी ती तिथं होती, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला तिची वही दाखवत होती. कुठला रकाना कशासाठी, सही कुणाची, आणि पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलेली तारीख: सप्टेंबर २०२७.